चावण्याआधीची दोन मिनिटं

सोहमच्या उजव्या हाताला, अंगठ्याच्या खालच्या मांसल भागावर, मागच्या बाजूने एक घट्टा आहे. रुपयाच्या नाण्याएवढा. कडेने काळपट, मधे पांढुरका, आणि थंडीत तिथली कातडी भेगाळते तेव्हा त्याची आई रात्री त्यावर खोबरेल चोळते. वर्षानुवर्षं एकाच जागी दात रोवल्याने तो झालाय. सोहम हे त्याचं खरं नाव नाही, पण घट्टा खरा आहे आणि तो वाढवण्यात माझाही हात आहे, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बौद्धिक अक्षम मुलांच्या शाळेत मी विशेष शिक्षिका आहे. २०१८ च्या जूनमध्ये सोहम माझ्या वर्गात आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. दाखल्यावर स्वमग्नता (ऑटिझम) आणि बौद्धिक अक्षमता अशी दोन्ही निदानं. बोलायचा दोनच शब्द, ‘आई’ आणि ‘भूऽर’. आधीच्या वर्गाच्या बाईंनी फाईल हातात देताना एवढंच सांगितलं, “पोरगं गुणी आहे, पण जपून हं. चावतं.”

पहिल्याच आठवड्यात कळलं. टेबलाशी बसवलं, पाटी पुढे ठेवली, की आधी तो डाव्या हाताने कान धरायचा. मग पाय हलायला लागायचे. मग घशातून ‘अंऽऽ’ असा एक लांब आवाज, आणि लगेच उजवा हात तोंडात. हात सोडवायला कोणी गेलं की त्याचा चावा. माझ्या मनगटावर, वर्गातल्या मदतनीस मावशींच्या दंडावर, एकदा शेजारी बसलेल्या मुलीच्या खांद्यावर. मुलीचे वडील शाळेत येऊन जे बोलायचं ते बोलले, आणि ते चूक नव्हते.

स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडे कारण तयार होतं. हट्टी आहे. आईने लाडावलंय. आजीने डोक्यावर बसवलंय. ऑटिझमची मुलं अशीच असतात. हे शेवटचं तर मीही म्हणायचे, आणि ते म्हटलं की विचार तिथेच थांबतो. ‘अशीच असतात’ म्हटल्यावर पुढे शोधायला काय राहतं?

चावलं की आम्ही त्याला ऑफिसात न्यायचो. मोठ्या बाईंच्या टेबलासमोर एक लाकडी बाक आहे, वर पंखा. तिथे बसवायचं, पाणी द्यायचं. मोठ्या बाई मायाळू, कधी त्यांच्या डब्यातला पारलेचा पुडा निघायचा. दहा मिनिटांत सोहम शांत. पाय हलवत पंख्याकडे बघत बसायचा. आम्हाला वाटायचं, शांत करायची किल्ली सापडली. शाळेच्या भाषेत त्याला आम्ही ‘टाइम-आउट’ म्हणायचो आणि वर्तन सुधारणेच्या रकान्यात तसं लिहायचोही.

जुलैच्या शेवटी एक दिवस आला, तो मला अजून झोपेत आठवतो. त्या दिवशी तीनदा चावून झालं होतं. चौथ्यांदा हात तोंडाकडे जाताना मी त्याचं मनगट धरलं आणि दाबून टेबलावर ठेवलं. फार वेळ नाही. पण जोर लावला, आणि तो जोर काळजीचा नव्हता, माझ्या रागाचा होता. मला फरक कळत होता. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हीला मनाई आहे. मला ते कलम पाठ होतं. प्रशिक्षणात मीच नव्या मुलींना समजावून सांगायचे.

संध्याकाळी आई न्यायला आल्या तेव्हा मनगटावर लाल वळ होता. त्या भांडल्या नाहीत. वळावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ताई, घरात असलं काय करत नाही हो तो. तुम्ही त्याला काय करायला लावताय?”

मी तो आरोप समजले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, बघ, आपण एवढं करतो आणि ह्या म्हणतात घरी करत नाही. घरी करत नाही असं प्रत्येक पालक म्हणतो, असं मीच म्हणाले. तो प्रश्न होता, साधा आणि नेमका, आणि उत्तर त्यातच होतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

दर गुरुवारी आमच्याकडे एक मानसशास्त्रज्ञ ताई यायच्या. त्यांना मी म्हटलं, औषध सुरू करायला सांगूया का पालकांना? त्यांनी आधी वही मागितली. वही म्हणजे वर्तन नोंदवही. पूर्वस्थिती, वर्तन, परिणाम असे तीन रकाने. डी.एड.ला आम्ही सगळ्यांनी शिकलेलं, परीक्षेत दहा मार्कांना लिहिलेलं. वही होती माझ्याकडे. त्यात मी लिहिलं होतं: ‘राग आला. हाताला चावला. समजावले.’ दुसऱ्या दिवशी: ‘हट्ट केला. चावला. शांत केले.’

ताईंनी वही परत माझ्यासमोर ठेवली. “राग दिसला का तुम्हाला? हात दिसला असेल, कान धरलेला दिसला असेल. जे डोळ्यांना दिसलं आणि कानांना ऐकू आलं, तेवढंच लिहा. आणि चावण्याच्या आधीची दोन मिनिटं लिहा. कोण जवळ होतं, काय सांगितलं होतं, समोर काय ठेवलं होतं. ‘समजावले’ म्हणजे काय केलं? कुठे नेलं? काय दिलं?”

ऐकायला सोपं. नऊ मुलांच्या वर्गात, एकाची लाळ पुसत, दुसरीला शी लागली म्हणून मावशी बाहेर गेलेल्या असताना, ‘आधीची दोन मिनिटं’ कोण आठवणार? दोन दिवस मी चिडूनच होते. मग एक युक्ती काढली. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या चिठ्ठ्या कापून ॲप्रनच्या खिशात ठेवल्या. झालं की लगेच वेळ आणि चार शब्द. ‘११.१८, पाटी पुढे, मी म्हटलं लिही, ऑफिस.’ एवढंच. घरी गेल्यावर वहीत उतरवायचं. मावशींना लिहायला फारसं येत नाही, त्या मला तोंडी सांगायच्या आणि त्यांची नोंद माझ्यापेक्षा बारीक असायची. “बाई, हिरवी पाटी आणली तवाच कान धरला त्यानं. लिही म्हणायच्या आधीच.”

याच काळात आम्ही त्याचं ‘बेसिक-एमआर’ही भरलं. बौद्धिक अक्षम व्यक्तींसाठीच्या सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये आपल्याकडच्या मुलांसाठी केलेली, वर्तन मोजायची ही श्रेणी. तिच्या दुसऱ्या भागात समस्या वर्तनाचे ७५ मुद्दे आहेत, मारणं-मोडणं, आदळआपट, स्वतःला इजा, भीती अशा दहा गटांत. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन. सोहमचे गुण काढताना मला बरं वाटलं, कारण ७५ पैकी बहुतेक ठिकाणी शून्य होतं. ‘चावतं’ या एका शब्दामागे आम्ही अख्खं पोर झाकून टाकलं होतं. तो कधी वस्तू फोडत नव्हता, कधी पळून जात नव्हता, कुणाच्या डब्याला हात लावत नव्हता. श्रेणी ‘किती’ ते सांगते. ‘का’ ते सांगायला मात्र चिठ्ठ्याच लागल्या.

पहिल्या आठवड्यात १३ चिठ्ठ्या झाल्या. त्यातल्या बहुतेकांवर वेळ एकच, सव्वाअकरा ते पावणेबारा. माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला. सव्वाअकराला भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरात कुकर लागतो! स्वमग्न मुलांना आवाज सोसत नाहीत, कान तर तो धरतोच. मी सगळ्यांना सांगून टाकलं. दुसऱ्या आठवड्यात अख्खा वर्ग मागच्या खोलीत हलवला. टेबलं, खुर्च्या, सतरंजी, सगळं. शिट्टी तिथे जेमतेम ऐकू यायची. त्या आठवड्यात १२ चिठ्ठ्या. तेरा आणि बारा. म्हणजे कुकरचा काही संबंध नव्हता.

तिसऱ्या आठवड्याअखेर एकूण ४१ झाल्या. शनिवारी दुपारी मुलं गेल्यावर मी आणि मावशी सतरंजीवर बसलो आणि चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या मांडल्या. आधी वारांप्रमाणे लावल्या, काही कळेना. मग माणसांप्रमाणे लावल्या. माझ्यासमोर जास्त, पण मी दिवसभर त्याच्याजवळ असतेच. मग मी वाचायची आणि मावशी ढीग करायच्या, आधी काय घडलं त्यानुसार. २६ चिठ्ठ्यांचा एक ढीग झाला. पाटी, पेन्सिल, गिरवणं. सव्वाअकराला कुकर लागतो, आणि सव्वाअकरालाच आमचा लेखनाचा तास लागतो. सात चिठ्ठ्यांचा दुसरा ढीग, डबा खाल्ल्यानंतरचा. बाकी आठ इकडच्या तिकडच्या, व्हॅनला उशीर, प्रार्थनेची रांग, एकदा पाहुणे आलेले.

त्या २६ मधल्या शेवटच्या रकान्यात काय आहे ते मी मोजायला लागले. ऑफिस. ऑफिस. ऑफिस. २६ पैकी २३ वेळा ऑफिस.

मावशींनी चिठ्ठ्यांकडे बघून म्हटलं, “म्हंजी चावलं की लिवायचं सुटतंय. पंख्याखाली बसाय मिळतंय. मग चावंल न्हाई तर काय करंल?”

मी किती वेळ काही बोलले नाही. त्याला ‘मला हे नको’ म्हणायला शब्द नव्हता. मान हलवून नाही म्हणणंही त्याला येत नव्हतं. त्याने कान धरून सांगितलं, पाय हलवून सांगितलं, आवाज काढून सांगितलं. आम्ही कशालाच दाद दिली नाही. हात चावला, आणि लगेच आम्ही पाटी उचलली. दिवसातून दोन-तीनदा, न चुकता, शिस्तीने आम्ही त्याला शिकवत होतो की बाकीचं काही उपयोगाचं नाही, चाव. त्या वर्षात त्याने आमच्याकडून सगळ्यात पक्कं काही शिकलं असेल तर हेच.

सोमवारी मी त्याची फाईल काढली. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लेखनाचं उद्दिष्ट होतं: ‘सोहम ठिपके जोडून ग हे अक्षर गिरवील.’ मागच्या वर्षी तेच. त्याच्या मागच्या वर्षीही तेच. सलग तीन वर्षं, शब्द न बदलता. यंदाचं माझ्या अक्षरात होतं. मुलाची बोटं पेन्सिल धरायला तयार आहेत का, ‘ग’ गिरवून त्याला पुढे काय मिळणार, यातलं काही मी विचारलं नव्हतं. जुन्या आराखड्यावरून नवा उतरवला होता. आणि तीन वर्षं त्या ‘ग’समोर बसलेलं मूल कंटाळलं, घाबरलं, तर आम्ही त्याच्या वागण्याला ‘समस्या’ म्हणत होतो.

आईंना फोन केला. घरी त्याला पाटी-पेन्सिल देता का, विचारलं. “कशाला देऊ? त्याला नाही आवडत. शेंगा फोडायला देते, बसतो की तासभर.” त्या पहिल्या दिवसापासून खरं सांगत होत्या. मी त्यांची माफी मागितली. फोनवर मागितली, ते मला पुरेसं वाटेना, म्हणून दुसऱ्या दिवशी समोर मागितली. वळाचीही मागितली.

पुढचा रस्ता गुरुवारच्या ताईंनी दाखवला. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं १९८५ चं एक काम त्यांनी समजावून सांगितलं. त्यांनी आधी तपासलं की मुलं नेमकी कधी बिथरतात, काम अवघड झालं तेव्हा, की मोठ्यांचं लक्ष कमी झालं तेव्हा. मग ज्याचं जे कारण, त्याला तेच मागायला शिकवलं. अवघड कामाला बिथरणाऱ्याने म्हणायचं, मला समजत नाही. लक्ष हवं असणाऱ्याने विचारायचं, मी चांगलं करतोय ना? वर्तन दाबायचं नाही, त्याच कामाचा दुसरा, सोपा मार्ग मुलाच्या हातात द्यायचा. सोहमला बोलता येत नव्हतं, म्हणून त्याच्यासाठी कार्ड.

पहिलं कार्ड मी इंटरनेटवरून छापलं. ‘ब्रेक’ म्हणून चहाच्या कपाचं चित्र. छान लॅमिनेट केलं. सोहमने ते हुंगलं, वाकवून बघितलं आणि खाली टाकलं. बरोबरच आहे, त्याचा आणि चहाच्या कपाचा काय संबंध? मग मोबाईलवर ऑफिसातल्या बाकाचा फोटो काढला, वरचा पंखा येईल असा, आणि गल्लीच्या टोकाच्या झेरॉक्सवाल्याकडून पोस्टकार्डाएवढा छापून आणला. तो फोटो हातात घेऊन सोहम खिडकीपाशी गेला आणि उजेडात धरून कितीतरी वेळ पंख्यावर बोट फिरवत राहिला.

शिकवायला दोन माणसं लागतात. मी समोर, मावशी मागे. पाटी ठेवायची, आणि कान धरला रे धरला की मावशींनी मागून त्याचा हात अलगद कार्डावर न्यायचा, उचलायला लावायचं, माझ्या तळहातावर ठेवायला लावायचं. बोलायचं नाही. कार्ड माझ्या हातात पडलं की मी म्हणायचं, “सोहमला थांबायचंय,” आणि त्याच क्षणी पाटी बाजूला. चावण्याच्या आधी. सगळा खेळ त्या दोन मिनिटांचा. चावून झाल्यावर कार्ड दाखवलं तर तो शिकणार, आधी चावायचं मग कार्ड द्यायचं. आणि चावलाच तर हाताखाली मऊ टॉवेल सरकवायचा, इजा होऊ द्यायची नाही, पण ऑफिसात न्यायचं नाही. तिथेच, त्याच खुर्चीजवळ बसून, शांत झाला की कार्डाकडे वळवायचं.

पहिला आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात एका दिवसात तो चौदा वेळा चावला. इतकी वर्षं चालणारा रस्ता आम्ही अचानक बंद केला होता. जो दरवाजा रोज उघडायचा तो आज उघडत नाही म्हटल्यावर माणूस आधी जोरात ठोठावतो, तसंच झालं. ताईंनी आधी सांगून ठेवलं होतं, तरी प्रत्यक्ष बघणं वेगळं. घट्टा फुटून रक्त आलं. सोहमचे वडील टेंपो चालवतात, ते भाड्यावरून परतताना थेट शाळेत आले. “बास करा तुमचा प्रयोग. माझ्या पोराचा हात बघा.” मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली, चिठ्ठ्यांचे ढीग दाखवले. ते बराच वेळ वाचत होते. शेवटी म्हणाले, “अजून आठ दिवस. त्यात उतरलं नाही तर मी त्याला घरी ठेवणार.”

त्या आठ दिवसांतल्या सहाव्या दिवशी, मंगळवार होता, मी पाटी आणली. सोहमने कान धरला. मावशी पाणी आणायला गेल्या होत्या, त्याच्या मागे कोणीच नव्हतं. त्याने कानावरचा हात खाली घेतला, टेबलाच्या कडेला वेल्क्रोवर चिकटवलेलं कार्ड ओढलं, त्याचा ‘खर्र’ आवाज झाला, आणि माझ्या पोटावर दाबून धरलं. “भूऽर,” तो म्हणाला.

मी पाटी उचलली. माझे हात थरथरत होते.

त्यानंतर त्याने कार्डाचा सपाटाच लावला. दिवसाला तीस वेळा. पाटी दिसली की कार्ड, पेन्सिल दिसली की कार्ड. मला त्याचा आनंद होता, सहकाऱ्यांना नव्हता. “हे बरंय, कार्ड दिलं की सुट्टी. मग तो शिकणार कधी?” त्यांच्या शंकेत तथ्य होतं, पण घाईही होती. मागितलं की मिळतं हा विश्वास आधी घट्ट बसू द्यावा लागतो. तो बसायच्या आत अटी घातल्या असत्या तर तो परत हाताकडेच वळला असता. तीन आठवडे मी एकदाही नाही म्हटलं नाही. मग हळूहळू, कार्ड दिलं की “एक झालं की थांबू,” एक मणी ओवायचा आणि सुट्टी. मग दोन मणी. मग टेबलावर वाळूचं छोटं घड्याळ.

आणि मुख्य म्हणजे काम बदललं. ‘ग’ गेला. त्याच्या जागी शेंगा आल्या, आईंनी सांगितलेल्याच. फोडून टरफलं एका डब्यात, दाणे दुसऱ्यात. नंतर पाच आणि दहाची नाणी वेगळी करणं. मग पाकिटं चिकटवणं, खडूचे डबे भरणं. त्याची बोटं इतकी नेमकी चालतात की पाकिटाची घडी माझ्यापेक्षा सरळ येते. भिंतीवर त्याच्या दिवसाची चित्रपट्टी लावली, काय झालं आणि पुढे काय ते दाखवणारी. झालेलं चित्र तो स्वतः काढून खालच्या पिशवीत टाकतो. लेखनाच्या तासाला चावणं दिवाळीपर्यंत आठवड्यातून एखाद्-दुसऱ्या वेळेवर आलं.

पण ते सात राहिले होते. डबा खाल्ल्यानंतरचे.

त्या सातांकडे मी दुर्लक्ष केलं होतं, कारण मोठा ढीग सुटला होता आणि मला त्याचा अभिमान वाटत होता. डब्यानंतर कसलंच काम नसतं. कार्ड दिलं तर तो ते बाजूला सारायचा. कधी चपाती अर्धी टाकून डबाच ढकलायचा आणि हात चावायचा. वहीत मी लिहिलं होतं, ‘भाजी आवडली नसावी.’ पुन्हा तेच, डोळ्यांना न दिसलेलं लिहिणं. जानेवारीत एकदा मी त्याच्यासमोर बसून तो कसा खातो तेवढंच बघितलं. घास डाव्या गालात ठेवत होता. उजवीकडे गेला की थांबायचा, डोळे मिटायचा, आणि उजवा हात तोंडात जायचा. आईंना विचारलं. म्हणाल्या, महिनाभर रात्री उठून बसतो, आजी म्हणतात दृष्ट लागली.

मिरजेला दंतवैद्याकडे नेलं. उजवीकडच्या खालच्या दोन दाढा किडलेल्या, एकीच्या मुळाशी पू. तोंडात आरसाही घालू देईना, म्हणून शेवटी भूल देऊन काढाव्या लागल्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी, वर्षाला एक लाखापर्यंत. सोहमचं कार्ड काढलेलंच नव्हतं, आणि ते काढून घ्या असं आम्हीही घरच्यांना कधी नीट बसून सांगितलं नव्हतं. वडिलांनी उसनवारी केली. त्यानंतर मी वर्गातल्या नऊही मुलांचे कागद स्वतः बघितले.

दाढा काढल्यावर जेवणानंतरचं चावणं थांबलं. एका आठवड्यात. ऑगस्टच्या त्या चिठ्ठ्यांपासून जानेवारीपर्यंत त्याचा दात ठणकत होता आणि तो रोज, डबा झाल्यावर, आम्हाला हात दाखवून सांगत होता. या गोष्टीचं दुःख माझ्या मनातून गेलेलं नाही. आता माझ्या वर्गात कुठल्याही मुलाचं वागणं अचानक बदललं तर वही उघडायच्या आधी मी दात, कान, पोट साफ होतंय का, झोप, ताप हे विचारते. बोलता न येणारं मूल ‘दुखतंय’ कसं सांगणार?

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाली. आईंनी कार्ड घरी चालू ठेवलं, बाकाऐवजी परसातल्या दगडाचा फोटो लावून. शाळा उघडल्यावर मास्क, बदललेली खोली, व्हॅनमध्ये नवे काका, सगळंच नवं, आणि चावणं परत आलं. या वेळी आम्ही तीन आठवड्यांत सावरलो, कारण कुठून सुरुवात करायची ते माहीत होतं. आजही महिन्यातून एखाद्या वेळी होतं. पाहुणे आले, गॅदरिंगचा लाउडस्पीकर लागला, कुणी ओरडलं. त्या दिवशी आम्ही चिठ्ठी लिहितो.

आता सोहम अठराचा झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयासाठी आहे, त्यापुढे कार्यशाळा. गावातल्याच एका कार्यशाळेत त्याला जागा मिळाली, पाकिटं आणि फाईली बनवायच्या कामावर. तिथल्या सरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, “तो चावतो म्हणे?”

मी त्यांना म्हटलं, येऊन सांगते. आईंना घेऊन गेले. आम्ही एका पानावर सगळं लिहिलं होतं, मोठ्या अक्षरात. कान धरला म्हणजे काय. कार्ड कुठे लावायचं. एका वेळी किती पाकिटं द्यायची. मागून अंगावर हात टाकायचा नाही, समोर येऊन बोलायचं. ओरडायचं नाही. शेवटची ओळ आईंनी सांगितली आणि मी लिहिली: जेवल्यावर चावला तर तोंडात बघा. सरांनी पान दोनदा वाचलं आणि भिंतीला लावायला सेलोटेप मागवली.

जुनं कार्ड तिथे चालणार नव्हतं. तिथे तो बाक नाही, पंखाही वेगळा. अंगणात कडुनिंबाखाली सिमेंटचा कट्टा आहे, कामगार तिथे दुपारी टेकतात. सोहमला तिथे नेऊन बसवलं. पाय हलवत बसला, वर पानांकडे बघत. मी कट्ट्याचा फोटो काढला, येताना झेरॉक्सवाल्याकडून छापून लॅमिनेट करून घेतला आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला, उलटा करून बघितला, परत सुलटा केला, आणि शर्टाच्या खिशात नीट सरकवला.